सातही अमेरिकन

डोळे मिटून जुनं रॉक ऐकायचं आणि बँड इंग्लंडचा की अमेरिकेचा ते सांगायचं, हा माझा घरातला एकमेव मान. बाकी बाबतीत मला कुणी विचारत नाही. खूण सोपी आहे. इंग्रजांचे ड्रम म्हणजे माईक लांब, ठोक्यामागं दगडी घुमारा. दौलताबादच्या किल्ल्यात टाळी वाजवावी तसा. अमेरिकन रेकॉर्डिंग म्हणजे गालिचा अंथरलेली खोली. सगळं कोरडं, कानाशी. नेहमीच असं नसतं, पण पाहुण्यांसमोर मी तेवढं सांगत नाही.

यंदा भाऊबीजेला मेव्हणा आला आणि जेवणानंतर फोन स्पीकरला जोडून बसला.

"दाजी, लंडन का अमेरिका?"

"अमेरिका."

"नाय. आता हे?"

"अमेरिका."

"लंडन, दाजी! लई झाली तुमची अमेरिका."

सात गाणी लावली, मला सातही अमेरिकन वाटली. सगळे हसले, मीही हसलो. पण वाळूजला पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या दणदणाटात पंचवीस वर्षं काढलीत, तीही कानात घालायचे बोळे खिशात ठेवून. कान गेले, असं मी धरूनच चाललो.

दुसऱ्या आठवड्यात कुणाला न सांगता तपासून आलो. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "वयाच्या मानानं उत्तम."

मग ती सात गाणी? घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आधी चिडली, एकटेच का गेलात म्हणून. मग तिची नजर स्पीकरकडं गेली.

"अहो, दिवाळीच्या साफसफाईत स्पीकरच्या तोंडाचं कापड फाटलं होतं. मी सोफ्याचं उरलेलं लावलं. आतून जुन्या गोधडीचं अस्तर दिलं, धूळ जाऊ नये म्हणून. तुम्हीच तर छान म्हणालात!"

म्हणालो असेन, फोनमधून मान वर न काढता.

म्हणजे माझ्या कानांना गालिचा बरोबर ऐकू येत होता. फक्त तो अमेरिकेत नव्हता, आमच्या हॉलमध्ये होता. अस्तर उसवून त्या सातांतलं एक लंडनचं गाणं पुन्हा लावलं. झांजा खणखणल्या, ड्रममागं दगडी भिंत उभी राहिली. मला चक्क भरून आलं.

"आवाज कमी करा! कान गेलेत का?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"नाय गेले!" मी तितक्याच जोरात सांगितलं. दोनदा सांगितलं.