राखलेले खेकडे

वडिवळ्याच्या प्रेरणाला खेकड्यांचा नाद लागला तो बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला. तोवर तिच्या घरात खेकड्याच्या दोनच ओळखी होत्या. एक, भातखाचराच्या बांधाला भोक पाडून पाणी घालवणारा चोर आणि दुसरी, रस्सा. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी वर्गातल्या निम्म्या पोरांनी इंटरनेटवरून फुलपाखरं उतरवून घेतली आणि मोकळी झाली. हिने मात्र ठरवलं, आपल्या बांधांवर खेकडे किती ते खरोखर मोजायचं. खरं काम करायला जावं आणि पस्तावावं, दुसरं काय!

मोजायची रीत सोपी होती. चाळीस खेकडे धरायचे, पाठीवर नेलपॉलिशने आकडा घालायचा आणि ज्याला त्याला त्याच्या बिळाशी सोडून द्यायचं. काही दिवसांनी पुन्हा, मिळतील तसे धरायचे. त्यात आकड्याचे किती आणि कोरे किती, यावरून एकूण खेकड्यांचा अंदाज निघतो. ही दुसरी पकड प्रकल्प तपासणाऱ्या नीरजा मॅडमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी होती. मोजणी नीट झाली तर एमएस्सीसाठी शिफारसपत्र देईन, असं मॅडमनी कबूल केलं होतं. प्रेरणाचा जीव त्या पत्रात अडकला होता, कारण तिच्या वडिलांनी, सोपानरावांनी, जवळच्याच नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात तिच्या नोकरीसाठी आधीच शब्द टाकून ठेवला होता.

पोरगी हुशार. तिने मुद्दाम श्रावण निवडला, कारण श्रावणात गावात खेकड्याला कुणी हात लावत नाही. अंगठा दोनदा नांगीत सापडला, फोन खाचरात पडून मेला, पण चाळीस झाले. प्रत्येक बिळाशी तिने नंबर घातलेला प्लास्टिकचा झेंडा रोवला आणि आईला बजावलं, "मॅडम येईपर्यंत यांना कुणी हात लावायचा नाही."

मग कॉलेजने इंगा दाखवला. मॅडमचं येणं एकदा परीक्षेच्या ड्युटीमुळे लांबलं, एकदा कसल्याशा तपासणी समितीमुळे. प्रेरणा स्टाफरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, श्रावण संपत आलाय."

"त्याचा खेकड्यांशी काय संबंध?" तळेगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मॅडमनी विचारलं. काय संबंध ते प्रेरणा सांगणार, तोच शिपाई त्यांना बोलवायला आला.

श्रावण संपला, गणपती बसले, गौरींबरोबर गेलेही, आणि मगच तारीख मिळाली.

त्या दिवशी सकाळी कामशेत स्टेशनवरून मॅडमना घेऊन ती थेट खाचरावर आली. झेंडे जागच्या जागी होते. पहिलं बीळ रिकामं. दुसरं रिकामं. दहाव्या बिळापर्यंत ती कोपरापर्यंत चिखलात माखली आणि हाती लागले ते चार कोरे खेकडे. दोन तासांत आकड्याचा एक म्हणून मिळाला नाही.

"प्रेरणा, आकडे घातले होतेस ना नक्की?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं. "फोटो वगैरे?"

"फोन खाचरात पडला मॅडम," ती म्हणाली. खरं तेच बोलली होती, पण आपलं बोलणं आपल्यालाच खोटं वाटावं याचा तिला भयंकर संताप आला.

घरी आईने, नंदाबाईंनी, पाहुणीसाठी पाट-रांगोळीचा थाट केला होता. ताटात भरलेले खेकडे. पाठीच्या कवचात बेसन भरलेलं, वरून दोरा गुंडाळलेला. मॅडमनी दोरा सोडला, कवच पालथं केलं आणि थबकल्या. तांबूस कवचावर लाल नेलपॉलिशने लिहिलं होतं, १७.

"आई!" प्रेरणा किंचाळलीच. "हे काय केलंस?"

"काय म्हंजी? काल तू कालेजला गेलतीस तवा धरलं," नंदाबाई कौतुकाने म्हणाल्या. "आवो मॅडम, हिनं झेंडं लावलं व्हतं म्हून तर गावलं. न्हाईतर एवढं कुटं गावत्यात? जत्रंच्या बोकडाला गुलाल लावून राखत्यात, तसं पोरीनं तुमच्यासाठी राखलं व्हतं. तूच म्हनालीस न्हवं, मॅडम येस्तवर हात लावायचा न्हाई?"

मॅडमना खेकडे आवडतात, हेही प्रेरणानेच घरी सांगितलं होतं.

"मॅडम, हीच दुसरी पकड धरली तर?" तिने शेवटची आशा धरून विचारलं.

मॅडमनी मान हलवली. "झेंडे बघून पकडलेत गं. मोजणीला नाही चालणार." मग ताट जरा सरकवून म्हणाल्या, "तू खोटं बोलत नव्हतीस, एवढं मी लिहून देईन."

एवढं! सहा आठवडे चिखलात काढून, खोटारडी नाही एवढं प्रमाणपत्र. प्रेरणा परसात गेली, रश्श्यात गेलेल्या बाकीच्या खेकड्यांची उकिरड्यावर टाकलेली कवचं वेचून धुतली, आणि रागारागाने ओळीने मांडली. आकड्याची एकोणतीस निघाली. ताटातली नऊ धरून अडतीस.

नंदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आता त्यांचा चेहरा उतरला होता. "सहा अन् तेवीस न्हाईत त्यात," त्या म्हणाल्या. "पोटाखाली पिल्लं व्हती. पिल्लावाली आमी न्हाई धरत. जागच्या जागी सोडली. आज आनखी आत घुसली असत्याल."

मॅडमना स्टेशनवर सोडून प्रेरणा एकटीच खाचरावर गेली आणि एकेक झेंडा उपटत निघाली. सहा आणि तेवीसपाशी क्षणभर थांबली. बिळाच्या तोंडाशी ताजी माती होती. तिने तेही दोन्ही उपटले आणि माती पायाने सारखी केली, कुणाला कळू नये म्हणून.