पाईपचं तोंड

धुतलेल्या टॉवेलला आज पुन्हा अ‍ॅसिडचा वास आला आणि तो फॅब्रिकेशनवाला आठवला. घराच्या मागच्या खोलीत मी चांदीचे पैंजण अ‍ॅसिडात उजळतो. त्या वाफांनी शेजारचे काका खोकायचे, तुझं काम बंदच पाडतो म्हणायचे. शेवटी वाफ गच्चीच्याही वर सोडायला पाईप बसवायचा ठरवला, तर एवढ्याशा कामाला कोणी येईना. एक जण माप घेऊन गेला तो गेलाच. मग एके सकाळी काकाच हसत दारात उभे, सोबत हा फॅब्रिकेशनवाला. मला तिथंच खटकलं. काल भांडणारा आज माणूस कसा आणून देतो? हा पत्रा हलका घालणार, अशी माझी खात्रीच झाली. मी पाईप दाबून पाहिला, सांधे चाचपले. तो उलट माझ्यावरच गरजला, "पावणं, नीट बघून घ्या की! मागनं बोंब न्हाय पायजे." माल खरंच चोख होता. मी वरमलो, त्याला चहा पाजला आणि गच्चीत जाऊन बघायचं राहिलंच. संध्याकाळी बायको वरून ओरडली, पाईपचं तोंड आमच्याच वाळत घातलेल्या कपड्यांकडं होतं. तणतणत भिंतीपाशी गेलो, तर पलीकडून त्याचाच आवाज आला, "दाजी, आता बिनघोर ऱ्हावा, तोंड त्यांच्याकडंच फिरवलंय बगा." मला पावणं म्हणणारा काकांचा सख्खा मेव्हणा निघाला. इतकी वर्षं झाली, ते तोंड फिरवायला मी अजून माणूस शोधतोय. अट एकच, त्याची बहीण आमच्या गल्लीत दिलेली नसावी.