नॉर्मनने सांगितलेला धूर

नॉर्मन डॉकरेला आमच्या ओल्डबेकात सगळे ओळखत, कारण ओल्डबेकमधली एकही गोष्ट त्याने सूचना केल्यावाचून सोडली नव्हती. चर्चचं घड्याळ, पोस्टातली रांग, चहाच्या दुकानातला पाव, प्रत्येकात त्याला काहीतरी सुधारणा सुचायची. आयुष्यभर खाटकाच्या दुकानात सुरी चालवली. निवृत्त झाल्यावर सुरीची जागा जिभेने घेतली. पण त्याचा खरा जीव होता आगगाड्यांत, आणि त्यातही फोनवरच्या त्या संकेतस्थळात. देशातली कुठलीही गाडी या घडीला कुठे आहे, हे तिथे नकाशावर ठिपक्याने दिसतं. ते चालवतो ओवेन नावाचा एक तरुण, तिकडे वेल्समध्ये बसून, एकट्याने. त्या बिचाऱ्याला नॉर्मनची दर आठवड्याला एक तरी ईमेल जायचीच. मालगाड्यांचा रंग बदला. अक्षरं मोठी करा. गाडी कुठल्या फलाटावरून जाणार तेही दाखवा. ओवेन प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचा. असा सहनशील माणूस मी दुसरा पाहिला नाही.

फलाटाच्या टोकाशी नॉर्मनच्या शेजारी सिरिल टायसन बसायचा. शाळेपासूनचा मित्र. सिरिलला फोनचं वेड नव्हतं. तो रुळांकडे बघत बसायचा आणि नॉर्मनचं ऐकून घ्यायचा. या हिवाळ्यात सिरिल गेला.

जाण्याआधी त्याने बायकोला, म्युरिअलला, एकच गोष्ट सांगून ठेवली होती. त्याच्या अस्थींची मूठभर राख वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत टाकायची. आमच्याकडच्या गाडीवेड्यांत हे चालतं. कोळशाच्या फावड्यावर राख ठेवायची, भट्टीत लोटायची, आणि माणूस धुरातून निघून जातो. वसंतात सहलीची एक खास गाडी वाफेच्या इंजिनावर ओल्डबेकवरून जाणार होती. ड्रायव्हर तयार झाला, म्युरिअलने राख एका लाकडी पेटीत घालून त्याच्याकडे पोचवली. ओल्डबेकच्या फलाटापाशी आलो की राख भट्टीत टाकू, लांब शिट्टी देऊ, असं त्याने कळवलं. म्युरिअलने फलाटावर लाल कोट घालून उभं राहायचं, म्हणजे इंजिनावरून ती ओळखू येईल.

गाडी कधी येणार हे बघण्याचं काम अर्थातच नॉर्मनकडे होतं.

आता यात एक मेख होती. आमच्या या डोंगरातल्या मार्गावर अजून जुने, खांबावरचे हात खाली-वर होणारे सिग्नल आहेत. गाडी कुठवर आली याची खबर इथून संकेतस्थळाला मिळतच नाही. मधल्या पट्ट्यात ठिपका चालतो तो निव्वळ अंदाजाने. वाफेची इंजिनं आमच्या स्टेशनाच्या अलीकडे, बाजूच्या एका रुळावर पाणी भरायला थांबतात, तेव्हा ठिपका मात्र खुशाल पुढे पळायचा आणि लोक फलाटावर ताटकळायचे. नॉर्मनने ओवेनच्या मागे लागून यावर तोडगा काढून घेतला होता. वाफेची गाडी दिसली की ठिपका पाण्यापाशी पुरेसा वेळ रोखून धरायचा. ओवेनने तसं केलं आणि वर ‘नॉर्मन डी., ओल्डबेक, यांच्या सूचनेवरून’ असंही छापलं. महिनाभर नॉर्मनचे पाय जमिनीला लागत नव्हते.

त्या दिवशी हवा स्वच्छ होती, पण वारा बोचरा. म्युरिअल कंबरेने अधू, काठी घेऊन चालणारी. नॉर्मनने तिला स्टेशनवरच्या चहाच्या खोलीत शेगडीजवळ बसवलं. बाकीचे दहाबारा गाडीवेडे केव्हाचे फलाटाच्या टोकाला उभे होते.

“बाहेर जाऊन उभं राहूया का रे?” म्युरिअलने विचारलं. लाल कोटाची सगळी बटणं लावून ती खुर्चीच्या कडेला बसली होती.

“कशाला गारठतेस? अजून पाणी पितेय ती.” नॉर्मनने फोन तिच्यापुढे धरला. “हा बघ ठिपका. हलला की मी सांगतोच की.”

“पण ते सगळे बाहेर उभे आहेत.”

“ते उभे राहणारच. त्यांना काय कळतंय? चहा घे.”

तिने चहा घेतला. कप अर्धा झाला असेल नसेल, तोच शिट्टी झाली. लांब, डोंगराला जाऊन थडकणारी शिट्टी. त्या दिवशी इंजिनामागे पाण्याचा जादा डबा जोडलेला होता आणि गाडी पाण्याला थांबलीच नव्हती. नॉर्मनने ते कुणाला विचारलंच नव्हतं. त्याला विचारायची गरज कधी वाटली होती?

“नॉर्मन!” म्युरिअल काठी चाचपत उठायला लागली. “ही आपलीच का?”

नॉर्मन धावत बाहेर आला. इंजिन फलाटापाशी येऊन पोचलं होतं, जमीन हादरत होती, लोकांनी टोप्या काढल्या होत्या. आणि नॉर्मनने काय करावं? त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. ठिपका अजून पाण्यापाशीच होता. असं कसं होईल, म्हणून त्याने बोटाने पान पुन्हा ताजं केलं. तरी तिथेच. त्याने मान वर केली तेव्हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा वळणाआड जात होता.

मागे दारात म्युरिअल उभी होती. काठी एका हातात, दुसरा हात चौकटीवर. रूळ रिकामे होते.

“गेली?”

“गेली.”

तिने काठी पुढे टेकवून वळणाकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुला तरी दिसली ना?”

नॉर्मनला आपण काय केलंय ते तेव्हा कळलं. खरं सांगायची हीच वेळ होती. पण तिचा चेहरा बघून त्याची जीभ रेटेना.

“दिसली,” तो म्हणाला.

“आणि धूर?”

“पांढरा होता. अगदी स्वच्छ. सरळ वर गेला, डोंगराच्याही वर.”

म्युरिअलने डोळे मिटले, आणि काठीवरची मूठ जरा सैलावली. “बरं झालं,” ती म्हणाली. “काळ्या धुराचा त्याला फार तिटकारा होता.”

त्याच दुपारी नॉर्मनने ओवेनला एक जळजळीत पत्र लिहिलं. तुमच्या गाढवपणामुळे एका विधवेचा शेवटचा निरोप हुकला, असं. ओवेनचं उत्तर लगेच आलं. त्याने टायसनबाईंची मनापासून माफी मागितली होती आणि लिहिलं होतं की ठिपका रोखण्याची सोय काढून टाकली आहे. ती नीट तपासून न घेता लावली ही चूक सर्वस्वी माझी. सूचना कुणाची होती, याबद्दल एक अक्षर नाही. नॉर्मनने ते दोनदा वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखा झाला. ओवेनने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पण खरा छळ पुढेच होता. तो पांढरा धूर म्युरिअलने मनाशी धरला. पोस्टात सांगितला, चर्चमध्ये सांगितला, केंडलमध्ये राहणाऱ्या बहिणीला फोनवर सांगितला. “नॉर्मनने पाहिला ना स्वतः,” असं म्हणून ती त्याच्याकडे बघायची आणि त्याला मान हलवावी लागायची. फलाटावर उभे असलेले इतर लोक हे ऐकून गप्प राहायचे. त्यांनी काय पाहिलं होतं हे नॉर्मनला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. त्याने स्टेशनवर जायचं सोडलं. फोन कपाटात टाकला. ओवेनने एकदा काळजीने विचारलंदेखील, बऱ्याच दिवसांत सूचना नाही, तब्येत ठीक आहे ना?

मेमध्ये म्युरिअलने त्याला चहाला बोलावलं. राखेची रिकामी लाकडी पेटी परत द्यायला त्या इंजिनावरची फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारी, येणार होती. टेस नाव तिचं, तिशीतली पोर, नखांत कायमचा कोळसा. नॉर्मनने टाळायला पाहिलं, पण म्युरिअल म्हणाली, “तू नसशील तर मी काय बोलू तिच्याशी?” मग तो गेला.

टेसने फ्रूट केकचे दोन तुकडे चीज लावून खाल्ले, पेटी टेबलावर ठेवली आणि जरा संकोचून म्हणाली, “आम्ही लाल कोट फार शोधला हो, टायसनबाई. ड्रायव्हरने वेगही कमी केला होता.”

“मला उठायला उशीर झाला गं,” म्युरिअल म्हणाली. तिने नॉर्मनचं नाव घेतलं नाही.

“पण हे होते!” टेस नॉर्मनकडे वळली. “तुम्हीच ना ते? सगळे हात हलवत होते, आणि तुम्ही एकटेच मान खाली घालून उभे. मी ड्रायव्हरला म्हटलं, तो बघ, तो त्यांचा मित्र असणार. त्याच्याने वर बघवत नाहीये. खरं सांगते, मलाही रडू आलं तेव्हा.”

म्युरिअलने टेबलावरून हात पुढे केला आणि नॉर्मनचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरले होते. “मला कधी बोलला नाहीस रे,” ती म्हणाली.

नॉर्मनला तो हात सोसेना. गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, उलट गावभर त्याची वाहवा झाली असती. पण लाज इतकी वर आली होती की ती गिळणं आता त्याच्या आवाक्यात राहिलं नव्हतं.

“मी रडत नव्हतो,” तो म्हणाला. “मी फोन बघत होतो.”

“काय?”

“गाडी समोरून जात होती आणि मी फोनवर बघत होतो, ती कुठे आहे ते. ठिपका रोखायची अक्कलही माझीच. त्या पोराची काही चूक नाही. तुला आत बसवलं ते मीच.”

टेस कपातल्या चहाकडे बघत राहिली.

“मग धूर?” म्युरिअलने विचारलं.

“मला माहीत नाही, म्युरिअल. मी पाहिलाच नाही.”

तिने हात काढून घेतला. रागाने नाही; टेबलावरची वस्तू उचलावी तसा उचलला आणि मांडीवर ठेवला. बराच वेळ ती त्या पेटीकडे बघत होती. मग टेसकडे खुर्ची वळवून बसली.

“पोरी, तू तिथे होतीस,” ती म्हणाली. “फावडं तुझ्याच हातात होतं. काय झालं ते मला पहिल्यापासून सांग. चांगलं-वाईट असेल तसं सांग.”

टेसने तोंड उघडलं. म्युरिअलने हाताने तिला थांबवलं आणि मागे न बघता म्हणाली, “तू आता घरी जा, नॉर्मन. हे मला एकटीला ऐकायचंय.”

तो उठला. टोपी घेतली, दार हलकेच ओढून घेतलं आणि गल्लीत आला. खिडकी उघडी होती. टेसचा आवाज कानावर येत होता, शब्द कळत नव्हते. पाऊलभर जवळ गेलं असतं तर कळले असते. नॉर्मन तसाच वळला आणि खाली मान घालून घरी गेला.