राबाच्या शेतातलं पांढरं फडकं

हवा तपासायचं पांढरं फडकं टांगायला मी अख्ख्या गावातून जागा निवडली ती आमच्याच शेताच्या बांधाची, आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी त्या शेतात राब भाजायला घेतला. राब भाजायचा म्हणजे भाताचं रोप जिथं टाकायचं त्या जागेवर शेण, पालापाचोळा, पेंढा रचून धुमसत ठेवायचं. शिमगा झाला की आमच्या खाडीकाठच्या गावांतून हे चालायचंच. मला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर शेणाच्या पाट्या डोक्यावरून मीच वाहिल्या होत्या. पण त्या दिवशी मी शास्त्रज्ञ होतो, आणि शास्त्रज्ञाला शेण आठवत नाही.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट असेल. मी उरणच्या शाळेत होतो. आमच्या विज्ञानाच्या मास्तरांचे एक मित्र परळच्या शाळेत शिकवायचे. दोघांनी मिळून ठरवलं, दोन्हीकडच्या पोरांनी एरंडेल चोपडलेलं सारखंच फडकं आठवडाभर उघड्यावर टांगायचं, रोज दुपारी ऊन-वारा टिपायचा आणि मग गावाची हवा नि शहराची हवा ताडून बघायची. फडक्याचं काम मी वर्गात भांडून मिळवलं. त्याला कारण माझा दादा.

दादा परळला गिरणीत होता. कापसाच्या तुसानं खोकून खोकून शिमग्याला घरी आला होता. आईला वाटे त्यानं आता इथंच राहावं. मला तर फारच वाटे. तो असला की घरात हसणं असायचं, खाडीवर जाळं घेऊन पागायला जायला सोबत असायची. मी त्याला एवढंच म्हणालो, "शनिवारपर्यंत थांब, गंमत दाखवतो." दोन्ही फडकी शेजारी धरली की तो आपणहून म्हणेल, नाही जात! असा माझा हिशेब.

राबाचा धूर बांधावर लोळू लागला तेव्हा फडकं काढून दुसरीकडे न्यावं, हे मलाही सुचलं. पण मास्तरांनी बजावलं होतं, एकदा टांगलं की हात लावायचा नाही. नको तिथं आज्ञाधारक असण्याची माझी सवय तेव्हापासूनची.

शनिवारी परळचं फडकं आलं, सोबत तिकडच्या नोंदी. करडं, ठिपक्याठिपक्यांचं. आमचं तव्याच्या बुडासारखं. वर्ग खिदळला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला नि म्हणाले, "दुपारचा उकाडा आपल्याकडे कमी, वारा जास्त. एवढं घ्या लिहून. हवेचं... पुढच्या वर्षी बघू."

मी दोन्ही फडकी मागून घरी नेली. राबाचं सांगायचं मनात होतं, पण दादाच्या हातात ती पडली आणि राहूनच गेलं.

"ह्यो आमचे परलचा, नि ह्यो गावचा?" दादा हसता हसता खोकायला लागला. "मंग मी तिकरंच बरा हाय की रं!"

"हासतस काय मेल्या," आई म्हणाली, "ऱ्हा ना अजून चार दिस."

"गिरनीत खाडा परल, आये."

दुसऱ्या दिवशी मोरा बंदरावरून तो लाँचनं गेला. वारा समुद्राकडून येत होता, स्वच्छ, खारा, अगदी मापायला हवा होता तसा. लाँच ठिपक्याएवढी झाली तरी मी धक्क्यावरच होतो. मग दादाचं लग्न परळलाच झालं, संसार तिकडेच झाला. तो शिमग्याला यायचा, पाहुण्यासारखा. आता आमच्या त्या शेतावर कंटेनर उभे असतात. तरी शिमगा सरला की मला उगाच धुराचा वास येतो, आणि दादा आत खोकतोय असं वाटतं.

ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की राब म्हटलं की मुलं आधीच हसतात. परवाही हसून उठून गेली. बायको लसूण सोलत बसली होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "भाऊजींना 'जाऊ नको' असं म्हणालात का हो कधी? सरळ, तोंडानं?"

मी तिच्या पुढ्यातली एक पाकळी उचलून सोलायला घेतली.

"मग आता 'इकडंच ये' म्हणा की. वहिनी गेल्यापासून एकटेच तर असतात तिकडे."