तेल पाजलेला दोर

चीनच्या लढाईनंतरची गोष्ट. आम्ही फौजेतले सहा जण चिखलदऱ्याजवळच्या एका कड्याखाली तंबू ठोकून होतो. दोरावरून वर चढायला नवा परदेशी चिमटा बरा की आमची जुनी फासगाठ बरी, एवढंच ठरवायचं होतं. चिमटा वर सहज सरकतो आणि वजन पडताच त्याचे दात दोरात रुततात. गाठ हळू सरकते, बोटं सोलून काढते. चार दिवस चिमटाच पुढे होता.

चिमट्यावर सिपाही नामदेव. वरूडकडचा, मोटेवर वाढलेला गडी. गाठीवर मी, लान्स नायक. वरून सेफ्टी दोर नव्हता. लढाईत वर कोण बसलंय धरायला, असं कॅप्टनसाहेब म्हणत.

पाचव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला चढाई सुरू झाली. पंधरा फुटांवर माझी गाठ खाली घसरली. हाताला जवसाच्या तेलाचा वास आला.

"नाम्या, दोराले तेल लावलं काय बे?"

"लावलं ना. काल दोन्ही चोपडून ठेवले. आमचा बाप मोटेचा नाडा असाच जपते. कुजत नाही मंग."

खाली ओरडलो असतो तर नामदेवला पाठीवर वजनाचा पिठ्ठू बांधून दिवसभर पळवलं असतं. पहाडी कोर्समधून त्याचं नाव कटलं असतं, आणि त्या कोर्ससाठी तो जिवाचं रान करत होता. मी गप्प बसलो. खडकाला टेकून माझ्या गाठींना दोन-दोन वेढे जास्त दिले. चिमट्याला वेढे देता येत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

चाळीस फुटांवर नामदेव हातभर घसरला. खालच्या वायरलेसवर, कड्यावर नुसतं बघायला बसवलेल्या हवालदाराचा आवाज आला, "नंबर दो फिसल रहा है. ओव्हर."

"चढते रहो. आउट," कॅप्टनसाहेब म्हणाले.

नामदेव माझ्याकडे बघून हसला. "आज तू पुढं जाऊन राहिला बे."

पुढच्या पावलाला चिमटा दोरावरून सरळ खाली सुटला. सात वाजून दोन मिनिटं झाली होती. खडकावर पडून नामदेवला मरायला अर्धा तास लागला.

चौकशीत मी सांगितलं, चिमटा निकामी आहे. चांगली वस्तू बाद झाली आणि मला शाबासकी मिळाली.

नामदेवची ट्रंक घेऊन मी त्याच्या घरी गेलो. बापाने विचारलं, "कावून पडला जी तो?"

साहेबांपासून लपवलेलं तेल मी त्या म्हाताऱ्याला सांगून टाकलं. माझे जास्तीचे वेढे मात्र सांगितले नाहीत.

"म्याच शिकोलं व्हतं त्याले," तो म्हणाला आणि खालीच बसला.

नामदेव बावीस वर्षांचा होता. त्याला मी मारलं, आणि पाप त्याच्या बापाच्या पदरात टाकून आलो.