दमा कुणाकडचा?

चार माणसं एका कामाला जुंपली की चहापेक्षा किस्सेच जास्त उकळतात. सोलापुरातलं आमचं दम्याचं सर्वेक्षण तसंच. आजार घराण्यात कसा उतरतो, ते शोधायचं. मी घरोघर हिंडून वंशावळी काढायची, पुण्याचे सर हँडलचं मशीन फिरवून आकडेमोड करायचे आणि मल्लप्पा शिपाई आम्हा दोघांना सुधारायचा!

वंशावळीत बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. दमेकरी असेल तर काळा.

वळसंगला एका बाईनं कागदात डोकावून विचारलं, "ह्यो चौकोन कोन?"

"तुमचे मालक."

"कोंडलं व्हय? लई ब्येस! ऱ्हाऊ द्या तितंच!"

*

दुसऱ्या घरी सासू म्हणाली, "दमा सुनंच्या म्हायेरचा." सून म्हणाली, "सासरचा!" सर कधी नव्हे ते बरोबर आले होते. रेघा जोडताना कळलं, सून नवऱ्याची सख्खी भाची. म्हणजे सासू तिची आजीच!

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "अहो, घर एकच! मग भांडता कशाला?"

"म्हनून तर की!" सासू म्हणाली. "परक्याशी कोन भांडतंय?"

*

एकदा सर समजावत होते, "एक जनुक आईकडून येतं, दुसरं बापाकडून. सुटी असली तर दोन्ही गप्प. एका देहात भेटली की, कदाचित, आजार. ते 'कदाचित' केवढं, तेच मोजायचंय."

मल्लप्पा म्हणाला, "सासू-सूनच की सर! येगळ्या गावात दोगी देवमानसं!"

सर हसले. मी नाही. माझ्या वडिलांना दमा, ह्यांच्या आईलाही. आणि घरी सुधा, दोन वर्षांची, सारखी खोकणारी.

*

मी बी.एस्सी. झालेली, पण सुधा शिंकली तरी तिच्या छातीला कान लावायची. सासूबाई म्हणायच्या, "उचल गं डोकं! दम्यानं नाही, तुझ्या भारानं गुदमरेल पोर!"

डॉक्टर म्हणाले, मोठी होईपर्यंत सांगता येणार नाही. मग मी सरांच्या मागे लागले.

"बाई, आकडे शेकडो घरांबद्दल बोलतात, एका पोरीबद्दल नाही."

"पण सर, मला एकच पोरगी आहे!"

*

आमचंही घर त्या अभ्यासात होतं. एके सकाळी गठ्ठ्यात आमची वंशावळ दिसेना.

"सर, आमचं घर?"

"काढलं मी."

"का? काही वाईट निघालं?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"काल मशीन फिरवताना मला वाटलं, सुधाला दमा नसला तर बरं. आकडे मांडणाऱ्याला असं वाटून चालत नाही, बाई!"