मीठ बघणारा

दिवसभर कापूस नाकातोंडात गेलेल्या माणसाला संध्याकाळी सपाटून भूक लागत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी गिरणीत कधी पाऊल टाकलेलं नसतं. भूक मरते. धर्माची तर पार मेलेली असायची. लालबागच्या चाळीत शिरून, हातपाय धुऊन तो सखुबाईच्या खानावळीत भिंतीला टेकायचा, तेव्हा त्याला जेवायचंही नसायचं, नुसतं बसायचं असायचं. तरी पहिली पितळी त्याच्याचपुढे यायची आणि पंगतीतले बाकीचे गडी हात आवरून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

त्या खानावळीची रीतच तशी. सखुबाई रांधताना काही चाखायची नाही. देवाला दाखवायच्या आधी अन्न उष्टं कसं करायचं? देवाचं झालं की मान धर्माचा. सखुबाईचा नवरा आणि धर्मा रत्नागिरीकडचे, एकाच गावचे, गिरणीत एकाच खात्यात. नवरा अचानक गेला आणि पोटासाठी तिने गावाकडची माणसं जेवायला ठेवली, तेव्हा पहिला जेवणारा धर्माच होता. "भावजी, मीठ बघा," ती पदर सावरत म्हणायची. तो घास घ्यायचा, मान डोलवायचा, आणि पंगत जेवायला लागायची.

मान डोलवण्यासारखंच असायचं म्हणा. धर्माने मुंबईतल्या खानावळी काही कमी पाहिल्या नव्हत्या. परळला एका ठिकाणी आमटीत आपलं तोंड दिसायचं. गिरगावात भिंती बांधायच्या कामावर होता तेव्हा एका भटारखान्यात जेवायचा. तिथली भाकरी भिंतीला लावली असती तर विटांची गरज पडली नसती. सखुबाईकडे आला आणि हा माणूस कायमचा बसला. तिची कुळथाची पिठी, उकड्या भाताबरोबर सोलांची कढी, आणि बांगड्याचं कालवण! कोळणीने ताजे बांगडे टाकले की ते कालवण जिन्यापर्यंत वास सोडायचं. धर्माची बायको लग्नानंतर लवकरच वारली होती, मूलबाळ नव्हतं, गावी भावांनी घर वाटून घेतलं होतं. घर म्हणून त्याला आठवायचं ते हे कालवणच.

मग मरीचं, प्लेगचं वर्ष आलं. माणसं गठुडी बांधून कोकणात पळाली. राहिलेल्यांपैकी कुणाला ताप आला की त्याला इस्पितळात उचलून नेतात, म्हणून सगळी चाळ ताप लपवायची. सखुबाईला ताप भरला तेव्हा तपासणीवाल्यांना धर्माने दारातच तोंड वर करून सांगितलं, "बाय गावाक गेली." आत ती गोधडीखाली दातावर दात दाबून पडली होती. धर्मा सकाळ-संध्याकाळ तिला पेज पाजत होता. कुणाला वाटलं नव्हतं, पण ती उठली.

उठली, पण जिभेची चव गेली. पेज काय, लोणचं काय, सगळं मातीसारखं. हे तिने एकट्या धर्माला सांगितलं, तेही कुजबुजत.

"कुणाला बोलू नका भावजी. जीभ गेलेल्या बाईकडं कोण जेवंल? आता तुमची जीभ तीच माझी. तुम्ही म्हणाल तसं करीन. नायच जमलं तर खानावळ मोडून भावाकडं जाईन, काय करणार?"

भावाकडे म्हणजे गावी, कायमची.

आजारानंतर पहिल्यांदा तिने चूल पेटवली तो दिवस. भिंतीचा आधार घेत घेत तिने चवळीची उसळ केली. पितळी त्याच्यापुढे ठेवली. धर्माने घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं मीठ! समोर ती उभी, अंगावर मांस नाही, डोळे मात्र त्याच्या ओठांना चिकटलेले.

"झकास झालंय वयनी," धर्मा म्हणाला.

एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी खरं बोलावं तर आदल्या दिवसाचं उघडं पडतं. तिसऱ्या दिवशी आणखीच कठीण. कधी खारट, कधी अगदी अळणी, आणि धर्माचं आपलं रोज झकास! जुने गडी त्याच्या शब्दाखातर काही दिवस मुकाट जेवले, मग एकेक करून समोरच्या चाळीतल्या खानावळीत जायला लागले. सखुबाई रिकाम्या जागा बघायची आणि म्हणायची, "मरीला भ्याले बिचारे." धर्मा मान खाली घालून जेवायचा. गिरणीत दमत नव्हता इतका तो या एका घासाने दमायला लागला. रात्री कूस बदलत तो ठरवायचा की उद्या सांगून टाकू. दुसरा दिवस उजाडला की ती "भावजी, मीठ बघा" म्हणायची, आणि त्याच्या तोंडून झकासच निघायचं.

शेवटी सांगितलं ते लहूने. लहू नुकताच गावाहून येऊन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर लागलेला, तोंडाचा फटकळ. धर्माने मान डोलवली, लहूने मोठा घास घेतला आणि ठसका लागून भांडंभर पाणी प्याला.

"काकी, ही आमटी हाय का दर्या? आनि हा म्हातारा झकास म्हनतो? ह्याची जीभ काय भाड्यानं दिलीय?"

कुणी हसलं नाही. बाकीचे आपापल्या पितळीत बघत राहिले, आणि त्यांच्या गप्प बसण्यावरूनच सखुबाईला सगळं कळलं. ती धर्माकडे वळली.

"भावजी, किती दिवस?"

"पहिल्यापास्नं," धर्मा म्हणाला. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "तुम्ही गावाक जाल म्हनून भ्यालो."

सखुबाईने पितळ्या उचलल्या आणि ती घासायला बसली. लहू दुसऱ्या दिवसापासून समोर जेवायला जायला लागला.

त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धर्मा आला तेव्हा खोलीत आणखी कुणी आलं नव्हतं. आपल्याला पितळी मिळेल की नाही याचीच त्याला धास्ती होती. पण तिने ती ठेवली, कालवण वाढलं आणि नेहमीसारखी समोर उभी राहिली. या वेळी "मीठ बघा" म्हणाली नाही.

धर्माने घास घेतला. बांगड्याचं कालवण होतं, आणि ते जसं हवं तसं झालं होतं! तिरफळ, आंबट, तिखट, मीठ, काही म्हणता काही इकडचं तिकडे नाही. आजारी पडायच्या आधीचं. हाताला आपसूक आठवलं असेल, नाहीतर नशीब.

"वयनी, आज बरोबर झालंय. आईच्यान! पयल्यासारखं."

सखुबाईचा विश्वास बसला नाही. मग तिने तांब्या उचलला आणि चुलीवरच्या भांड्यात पाणी ओतलं. धर्मा "नको, नको" म्हणत अर्धवट उठला, पण तोवर तिने डावाने ढवळूनही टाकलं. त्याच्या पितळीतला भात बाजूला सारून तिने नवं कालवण वाढलं.

"आता बघा."

धर्माने चाखलं. नुसतं पाणी.

"बिघडलं, वयनी," तो म्हणाला. "आता बिघडलं."

कित्येक दिवसांनी सखुबाईचा चेहरा सैल झाला. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"आता कसं खरं बोललात, भावजी," ती म्हणाली. "असंच रोज सांगत जा."